हौशी सीएनसी मशीनसाठी स्टेपर मोटरचं इलेक्ट्रॉनिक्स कसं निवडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने कापणारं, कोरणारं मशीन. त्याचा सांगाडा उभा राहिला, रेल बसल्या, स्क्रू फिरायला लागले की खरी डोकेदुखी सुरू होते. समोर दहा प्रकारचे बोर्ड असतात आणि प्रत्येकाचं कौतुक करणारं कुणीतरी असतंच. माझा अनुभव असा, की बोर्ड सहसा वाईट नसतात, बिघडतं ते दोन बोर्डांच्या सांध्यावर. एकाचा पल्स (विजेचा छोटा ठोका) दुसऱ्याला पुरेसा लांब वाटत नाही, एकाचे ३.३ व्होल्ट दुसऱ्याला दिसतच नाहीत, अशा गोष्टी. म्हणून खालच्या उत्तरांत "कोणता बोर्ड चांगला" यापेक्षा "कशाला काय जुळतं" याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

यात नेमक्या किती गोष्टी येतात?

कॉम्प्युटरपासून मोटरपर्यंत साखळी अशी: जी-कोड (कटरने कुठे, किती वेगाने जायचं ते सांगणाऱ्या ओळी) पाठवणारा प्रोग्राम, त्या जी-कोडचे पल्स करणारा कंट्रोलर, मध्ये कधी असणारा तर कधी नसणारा ब्रेकआउट बोर्ड (वायरी जोडायचा मधला बोर्ड), मग मोटरला करंट देणारा ड्रायव्हर आणि शेवटी मोटर. कंट्रोलर आणि ड्रायव्हर यांच्यात बहुतेक ठिकाणी प्रत्येक अक्षाला (एक्स, वाय, झेड या हालचालीच्या दिशा) दोनच वायरींची भाषा चालते. स्टेपच्या वायरीवर एक पल्स आला की मोटर एक पाऊल टाकते आणि डिरेक्शनची वायर कुठल्या बाजूला ते सांगते. तिसरी एनेबलची, म्हणजे मोटर धरून ठेवायची की मोकळी सोडायची. पाऊल पडलं की नाही हे उलट कळवणारी वायर साध्या स्टेपरमध्ये नसते. कंट्रोलर पल्स पाठवतो आणि पडलं असेल असं समजून पुढे जातो.

आधी मोटर घ्यायची की बोर्ड?

मोटर. त्याच्याही आधी स्क्रू आणि किती वेगाने काम करायचं ते. उलट्या क्रमाने गेलेले बरेच जण शेवटी ड्रायव्हर दोनदा विकत घेतात. त्यात मीही होतो.

मोटरच्या नावातला नेमा १७, २३ किंवा ३४ हा आकडा फक्त पुढच्या चौकोनी तोंडाचं माप सांगतो. नेमा २३ चं तोंड साधारण ५७ मिलिमीटरचं, नेमा १७ चं ४२. ताकदीबद्दल त्यात काही नसतं. एकाच तोंडाच्या आखूड आणि लांब मोटरींत टॉर्कचा दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. डेटाशीटमधून तीन गोष्टी टिपून ठेवा: प्रत्येक फेजचा (म्हणजे कॉइलचा) करंट, इंडक्टन्स (कॉइल करंटला चढायला किती अडवते ते) आणि वायरींची संख्या. टॉर्कचा आकडा सगळे बघतात. इंडक्टन्स कुणी बघत नाही, आणि वेगात मोटर धापा टाकायला लागते ती त्याच्यामुळेच.

मोटरवर ३ व्होल्ट लिहिलंय, मग ३६ व्होल्टचा सप्लाय दिला तर ती जळणार नाही का?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि पडायलाच हवा. आजचे ड्रायव्हर चॉपर प्रकारचे असतात. ते सप्लायचा पूर्ण व्होल्टेज कॉइलला लावतात, करंट ठरलेल्या मर्यादेला पोचला की तोडतात, उतरला की पुन्हा जोडतात, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. मोटर जळते ती करंट जास्त झाल्याने, आणि करंटवर ड्रायव्हरचा लगाम असतो. ते ३ व्होल्ट म्हणजे नुसत्या रेझिस्टन्सवर पूर्ण करंट धरून ठेवायला लागणारा व्होल्टेज.

जास्त व्होल्टेज कशाला हवा हे एका उदाहरणात बघू. कॉइल २.५ मिलिहेन्रीची, करंट ३ अँपिअर, स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवणारा. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग हवा असेल तर मोटरला सेकंदाला १० फेरे मारावे लागतात. एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप, म्हणजे सेकंदाला २०००, म्हणजे एका स्टेपला ०.५ मिलिसेकंद. आता कॉइलमध्ये करंट शून्यापासून ३ अँपिअरपर्यंत चढायला ३६ व्होल्टवर साधारण ०.२ मिलिसेकंद लागतात आणि १२ व्होल्टवर ०.६ च्या वर. १२ व्होल्टवर करंट वर पोचायच्या आत पुढची स्टेप येऊन उभी राहते. मोटर कण्हते आणि जागेवर थरथरते. शिवाय फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, तो या हिशेबात धरलेलाच नाही. म्हणजे प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईटच.

वरची मर्यादा ठरवायला एक जुना ठोकताळा आहे: मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ काढा आणि ३२ ने गुणा. २.५ मिलिहेन्रीला साधारण ५० व्होल्ट येतात. त्याच्या वर गेलं तर वेगात फारसा फायदा होत नाही आणि मोटर मात्र तापते. त्याच्या बरंच खाली राहिलेलं चालतं, वेग कमी मिळतो एवढंच.

ड्रायव्हर ५० व्होल्टचा आहे, मग ४८ व्होल्टचा सप्लाय लावू ना?

मी लावणार नाही. जड गॅन्ट्री (कटर वाहणारा आडवा पूल) झपकन थांबते तेव्हा मोटर क्षणभर जनरेटर होते आणि तो व्होल्टेज सप्लायच्या रेलवर चढतो. वर फक्त २ व्होल्ट मोकळे असतील तर एखाद्या दिवशी ड्रायव्हर धूर काढतो, आणि त्या दिवशी तुम्ही वेगळं असं काहीच केलेलं नसतं. ५० च्या ड्रायव्हरला ३६ हा समंजस आकडा आहे.

सप्लाय किती अँपिअरचा?

सगळ्या मोटरींच्या फेज करंटची बेरीज करा आणि दोन तृतीयांश घ्या. ३ अँपिअरच्या तीन मोटरी, बेरीज ९, म्हणजे ६ अँपिअर. ३६ व्होल्टवर हे २१६ वॅट झाले. त्याच्या वरचा जो तयार सप्लाय मिळतो तो घ्या. कंट्रोलर आणि लिमिट स्विच (अक्षाचं टोक आलं की कळवणारा) यांच्यासाठी मात्र वेगळा छोटा सप्लाय ठेवा. मोटरच्या सप्लायवरून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड) लावून ५ व्होल्ट काढायचा मोह होतो, पण मग मोटरींचा सगळा खडखडाट कंट्रोलरच्या उशाशी येऊन बसतो.

ए४९८८ किंवा डीआरव्ही८८२५ हे नखाएवढे ड्रायव्हर पुरतील का?

नेमा १७ आणि हलकं काम असेल, म्हणजे पेन प्लॉटर, लेझर, फोम किंवा बाल्सा कापणं, तर खुशाल वापरा. ए४९८८ कागदावर ३५ व्होल्ट आणि २ अँपिअरचा आहे, पण हीटसिंक आणि पंखा नसेल तर १ अँपिअरच्या आसपासच त्याची दमछाक होते. डीआरव्ही८८२५ ला ४५ व्होल्टपर्यंत चालतं आणि थंड न करता साधारण दीड अँपिअर मिळतो. टीएमसी२२०९ इतका शांत चालतो की मशीन सुरू आहे का ते बघायला वाकावं लागतं. पण त्याची मर्यादा २९ व्होल्टची, म्हणजे २४ च्या वर जाऊ नका. शांत चालण्याची त्याची जी पद्धत आहे ती वेगात आणि अचानक आलेल्या भारात कच खाते. प्रिंटरला ती शोभते. धातू कापायच्या मशीनवर ती बंद करून दुसरी पद्धत चालू ठेवलेली बरी.

नेमा २३ ला हे ड्रायव्हर लावू नयेत. मोटर फिरेल, व्हिडिओही छान येईल, पण लाकडात कटर घुसला की पावलं सुटायला लागतील.

आणखी एक खोच. ए४९८८ चा करंट छोट्या पोटेन्शिओमीटरने लावतात. मल्टिमीटरने व्हीरेफ (ड्रायव्हरवरचा संदर्भ व्होल्टेज) मोजायचा आणि त्याला (८ × सेन्स रेझिस्टर) ने भागायचं. करंट मोजणारा हा सेन्स रेझिस्टर सगळ्या बोर्डांवर सारखा नसतो. चिपच्या शेजारच्या दोन चपट्या काळ्या रेझिस्टरवर आर१०० छापलं असेल तर ०.१ ओहम, म्हणजे ०.८ व्होल्टला १ अँपिअर. आर०५० असेल तर त्याच ०.८ व्होल्टला २ अँपिअर. कुणाचा तरी "व्हीरेफ ०.८ ठेवा" हा सल्ला डोळे मिटून ऐकला तर निम्म्या वेळा मोटर चटके देते. भिंग घ्या आणि वाचा. आणि मोटरच्या सप्लायच्या पिनांवर, ड्रायव्हरला अगदी चिकटून, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. लांब वायरींमुळे चालू करतानाच व्होल्टेजची जी उसळी येते ती चिपला मारू शकते.

टीबी६५६० चा तीन किंवा चार अक्षांचा एकच बोर्ड मिळतो. सगळं एकात, सोपं नाही का?

सोपं दिसतं. कुणी फुकट दिला तर शिकायला घ्या, विकत घेऊ नका. त्या चिपला लॉजिकचे ५ व्होल्ट आधी आणि मोटरचा सप्लाय नंतर हवा असतो, आणि हा क्रम चुकल्याने गेलेल्या चिपा मी पाहिल्या आहेत. अशा अनेक बोर्डांवर स्टेपच्या वाटेत संथ ऑप्टोकप्लर (दोन बाजू वेगळ्या ठेवून सिग्नल प्रकाशाने पुढे देणारी चिप) बसवलेले असतात, त्यामुळे वेग वाढवला की पल्सच गिळले जातात. शिवाय एक अक्ष गेला की सगळा बोर्ड काढावा लागतो. वेगळे ड्रायव्हर असतील तर झेडचा काढून वायच्या जागी लावून बघता येतो. दोष मोटरमध्ये आहे की ड्रायव्हरमध्ये, हे दहा मिनिटांत कळतं.

टीबी६६०० आणि डीएम५४२ यांत काय घ्यावं?

जमत असेल तर डीएम५४२ किंवा तशाच जातीचा डिजिटल ड्रायव्हर. टीबी६६०० नावाने विकल्या जाणाऱ्या खोक्यांत आत नेमकी कुठली चिप आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. पुष्कळदा ती टीबी६७एस१०९ए असते. तीही बरी आहे, पण वरच्या आकड्यांवर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

डीएम५४२ ला २० ते ५० व्होल्ट आणि ४.२ अँपिअर पीकपर्यंत चालतं. त्याचा खरा फायदा मधल्या वेगात दिसतो. तिथे स्टेपर मोटरला अनुनाद होतो, ती घुमते आणि अचानक बंद पडते. डिजिटल ड्रायव्हर ती घरघर बऱ्यापैकी दाबतो. स्विच १ ते ३ करंटचे, ४ थांबल्यावर करंट निम्मा करण्याचा, ५ ते ८ मायक्रोस्टेपचे (एका पूर्ण स्टेपचे बारीक तुकडे). हे स्विच वीज बंद करूनच हलवा. करंटच्या तक्त्यात पीक (कमाल) आणि आरएमएस (एक प्रकारची सरासरी) असे दोन रकाने असतात, ४.२ पीक म्हणजे ३ आरएमएस. मोटरच्या डेटाशीटवरचा आकडा बहुधा आरएमएसच्या रकान्याशी ताडायचा असतो. सुरुवात एक पायरी खालून करा आणि मोटर किती तापते ते बघत वर या.

मायक्रोस्टेप जितके जास्त तितकी अचूकता जास्त, बरोबर?

नाही. मायक्रोस्टेपने चाल गुळगुळीत होते आणि आवाज कमी होतो. पण एकेका मायक्रोस्टेपमागे मोटरकडे जोर फार थोडा असतो. १/१६ वर एक मायक्रोस्टेप सरकायला होल्डिंग टॉर्कच्या (थांबलेली मोटर ज्या जोराने धरून ठेवते त्याच्या) जेमतेम १० टक्के जोर मिळतो. घर्षण त्याहून जास्त असेल तर स्क्रू हलतच नाही. तीन-चार पल्स साठतात आणि मग तो एकदम उडी मारतो.

वर त्याची किंमत कंट्रोलरला मोजावी लागते. वरचाच ५ मिलिमीटरचा स्क्रू घ्या. १/८ वर एका फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे मिलिमीटरला ३२०. मिनिटाला ३००० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला १६,००० पल्स. १/१६ केलं की ३२,०००. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावरचं जीआरबीएल (जी-कोड वाचून पल्स करणारा प्रोग्राम) ३०,००० पर्यंत नीट चालतं. म्हणजे एक डिप स्विच हलवला आणि कंट्रोलर अपुरा पडला, हातात मात्र काहीच आलं नाही. बॉलस्क्रूला १/८ पुरतं. बेल्टवर चालणाऱ्या मशीनला १/१६.

कंट्रोलर कुठला?

चार वाटा आहेत, आणि प्रत्येकीचा एक स्वभाव आहे.

आर्डुइनो उनो आणि जीआरबीएल: तीन अक्ष, एक स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर), साधं काम. शिकायला याहून बरं काही नाही, कारण सगळ्या सेटिंग समोर दिसतात. १६ मेगाहर्ट्झची ही ८ बिटची चिप जे करते ते बघून मला अजून नवल वाटतं. चौथा अक्ष हवा झाला, की तिचं दार बंद होतं.

३२ बिटचे बोर्ड: ईएसपी३२ वर फ्लुइडएनसी, किंवा टीन्सी ४.१ सारख्या बोर्डावर जीआरबीएलहॅल. पल्सचा वेग प्रश्नच राहत नाही, अक्ष वाढवता येतात. आज कुणी नव्याने सुरुवात करत असेल तर मी इकडेच बोट दाखवीन. फक्त यांचे पिन ३.३ व्होल्टचे असतात, त्याबद्दल पुढे सविस्तर.

पॅरलल पोर्ट (प्रिंटरचा जुना पोर्ट), म्हणजे मॅक३ किंवा लिनक्ससीएनसी हे प्रोग्राम आणि जुना डेस्कटॉप: इथे पल्स कॉम्प्युटर स्वतः तयार करतो. म्हणून कॉम्प्युटर वेळेचा किती पक्का आहे यावर सगळं अवलंबून. लिनक्ससीएनसीमध्ये लेटन्सी टेस्ट आहे. ती लावून द्या, चार खिडक्या उघडा, व्हिडिओ चालवा आणि जिटरचा (पल्सची वेळ किती चुकते त्याचा) आकडा किती फुगतो ते बघा. मॅक३ चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही, हे जुना लॅपटॉप शोधत फिरण्याआधी माहीत असलेलं बरं. पोर्टावर आउटपुट १२ आणि इनपुट ५. चार अक्षांच्या स्टेप-डिरेक्शनला ८ आउटपुट गेले, उरलेल्या चारांत एनेबल, स्पिंडल आणि बाकी सगळं बसवा. इनपुटचं तर विचारूच नका. तीन लिमिट, एक इमर्जन्सी स्टॉप, एक प्रोब, संपले.

चौथी वाट इथरनेट कार्डांची: लिनक्ससीएनसीसाठी मेसाची कार्डं, मॅक३ साठी इथरनेट स्मूथस्टेपर, किंवा यूसीसीएनसीबरोबर चालणारे कंट्रोलर. पल्स कार्डावर तयार होतात, कॉम्प्युटर फक्त हुकूम देतो. मशीन मोठं असेल, धातू कापायचा असेल, रोज चालवायचं असेल तर हे. पहिल्या मशीनला ही चैन आहे.

यूएसबी टू पॅरलल कन्व्हर्टर लावून चालेल का?

नाही. तो प्रिंटरसाठी असतो. डेटा गठ्ठ्यांनी जातो आणि पल्सची वेळ पाळली जात नाही.

ब्रेकआउट बोर्ड लागतोच का?

उनोवर सीएनसी शील्ड (छोटे ड्रायव्हर बसवायचा वरचा बोर्ड) असेल तर नाही. पॅरलल पोर्ट असेल तर हो, नाहीतर एक चुकीची वायर लागली की मदरबोर्ड बळी जातो. डीएम५४२ सारख्या ड्रायव्हरांच्या आत स्वतःचे ऑप्टोकप्लर असतातच, त्यामुळे स्टेपच्या वाटेत ब्रेकआउटवर आणखी एक ऑप्टो नसला तर उलट बरं. तिथे फक्त वेगवान बफर (सिग्नलला जोर देणारी चिप) हवा. इनपुटकडे मात्र ऑप्टो असावाच. पीसी८१७ सारखा संथ ऑप्टो लिमिट स्विचला उत्तम, कारण स्विचला घाई नसते. तोच स्टेपच्या वाटेत दिसला तर बोर्ड परत ठेवा. तिथे ६एन१३७ च्या वेगाचा हवा.

चार्ज पंपची सोय असेल तर ती वापरा. मॅक३ जिवंत असेपर्यंत एका पिनवर साधारण १२.५ किलोहर्ट्झचा सिग्नल पाठवत राहतो. कॉम्प्युटर लटकला की सिग्नल थांबतो आणि बोर्ड सगळं बंद करतो. नाहीतर विंडोज सुरू होताना पिन मनाला येईल तशा वरखाली होतात आणि स्पिंडल आपला आपण फिरायला लागतो.

ईएसपी३२ जोडलं, मोटर कधी फिरते, कधी नुसती गुरगुरते. ड्रायव्हर खराब आहे का?

बहुधा नाही. हे ३.३ आणि ५ व्होल्टचं भांडण आहे. ड्रायव्हरच्या स्टेप इनपुटच्या आत एक एलईडी आणि त्याच्या आधी साधारण २७० ओहमचा रेझिस्टर असतो. जोडायच्या रीती दोन. पहिल्या रीतीत सगळे प्लस टोक ५ व्होल्टला आणि कंट्रोलर मायनस टोक खाली ओढतो. उनोला हे छान जमतं. पण ईएसपी३२ चा पिन "वर" गेला तरी ३.३ वरच थांबतो, म्हणजे एलईडीवर १.७ व्होल्ट उरतातच. तेवढ्यावर तो पूर्ण विझत नाही, मंद जळत राहतो. ड्रायव्हरला पल्स संपला की नाही तेच कळत नाही.

दुसऱ्या रीतीत सगळे मायनस टोक ग्राउंडला आणि कंट्रोलर प्लस टोकाला ३.३ देतो. आता विझतो नीट, पण पेटताना (३.३ − १.५) ÷ २७०, म्हणजे साडेसहा मिलिअँपिअर. या ड्रायव्हरांना किमान ७ हवे असतात. काठावरचं पास. थंड सकाळी चालतं, दुपारी चालत नाही, अशी तक्रार इथूनच येते.

उपाय एक छोटी चिप: ७४एचसीटी२४५. तिला ५ व्होल्ट द्या, आत ३.३ घाला, बाहेर ५ येतात. यातलं "टी" अक्षर विसरू नका. ७४एचसी२४५ दिसायला तीच, पायांची रचनाही तीच, पण ५ व्होल्टवर तिला "वर" समजायला ३.५ व्होल्ट लागतात आणि तुमच्याकडे ३.३ आहेत. एचसीटीला २ पुरतात. नव्या ३२ बिटच्या तयार सीएनसी बोर्डांवर ही चिप आधीच असते. बोर्ड निवडताना फोटोत तीच शोधायची.

मशीन एकदम अचूक आहे, पण लांबलचक कोरीवकामात डिझाइन एका बाजूला सरकत जातं. बेअरिंग सैल आहे का?

मी या प्रश्नावर दोन रविवार घालवले आहेत. कपलर घट्ट केले, नट बदलला, एका भल्या मोटरला शिव्या घातल्या. नावाची पाटी कोरत होतो. अक्षरांच्या पोटातला भाग पुढे-मागे घासत काढायचा होता आणि शेवटी अक्षर एक्सच्या दिशेने बरोबर १ मिलिमीटर सरकलेलं. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेवढंच, त्याच बाजूला. सैल बेअरिंग इतकं शिस्तीत वागत नाही.

कारण असं. ड्रायव्हरला डिरेक्शन बदलल्यावर पुढचा स्टेप पल्स येईपर्यंत काही वेळ हवा असतो. डीएम५४२ ला ५ मायक्रोसेकंद. जीआरबीएल डिरेक्शनचा पिन बदलतं आणि जवळजवळ लगेच स्टेप देतं. छोट्या ए४९८८ ला ते पुरतं, ऑप्टो असलेल्या ड्रायव्हरला नाही. मग दिशा बदलल्यावरचं पहिलं पाऊल जुन्याच दिशेला पडतं. एक पाऊल चुकीचं म्हणजे दोन पावलांचा फरक. आता हे दोन्ही दिशांना सारखं झालं असतं तर फिटंफाट झाली असती. पण ऑप्टोकप्लरला पेटायला आणि विझायला सारखा वेळ लागत नाही, म्हणून चूक एकाच बाजूच्या वळणावर होते आणि साठत जाते. मिलिमीटरला ३२० पल्स, दोन पावलं म्हणजे ०.००६२५ मिलिमीटर. १६० फेऱ्या झाल्या की बरोबर १ मिलिमीटर. माझ्या पाटीत फेऱ्या मोजल्या, तेवढ्याच निघाल्या.

जीआरबीएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये "स्टेप पल्स डिले" नावाची ओळ आहे. तिच्यापुढचं कॉमेंटचं चिन्ह काढायचं, १० मायक्रोसेकंद ठेवायचे आणि पुन्हा अपलोड करायचं. मॅक३ आणि लिनक्ससीएनसीमध्ये यासाठी सेटिंगच आहेत. तिथे स्टेपची पोलॅरिटीही तपासा, कारण ड्रायव्हर पल्सच्या ज्या कडेला पाऊल टाकतो ती कड उलटी धरली गेली तरी हेच होतं.

कटर चालू केला की लिमिट स्विच आपोआप लागल्यासारखे होतात.

स्पिंडल आणि त्याचा व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) हे गोंगाटाचं माहेर. स्विच नॉर्मली क्लोज्ड (दाबल्यावर सुटणारे) जोडा, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं. आर्डुइनोच्या आतला पुल-अप (पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा असतो, तो इतका अशक्त की कुठलीही लांब वायर त्याच्यासाठी अँटेना होते. बाहेरून १ किलोओहम लावा आणि पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरड. त्याहून चांगलं म्हणजे स्विच २४ व्होल्टवर आणि मध्ये ऑप्टो. सिग्नलच्या वायरीची शील्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थिंगला जोडा. स्पिंडलची वायर आणि लिमिटची वायर एकाच केबल चेनमध्ये शेजारी शेजारी नेऊ नका. नेली आणि तरी चालतंय म्हणणारे असतात, त्यांचं नशीब.

गॅन्ट्रीच्या दोन्ही बाजूंना मोटरी आहेत. एका ड्रायव्हरवर दोन्ही जोडू?

पॅरललमध्ये जोडल्या तर करंट कसा वाटला जाईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही. दोन ड्रायव्हर घ्या. स्टेपचा सिग्नल दोघांना एकच दिला तरी चालतं. कंट्रोलर दोन मोटरींना वेगळे लिमिट स्विच देऊ शकत असेल तर होमिंगच्या (अक्ष स्विचपर्यंत नेऊन शून्य ठरवण्याच्या) वेळी गॅन्ट्री आपोआप काटकोनात येते. जीआरबीएलहॅल, फ्लुइडएनसी आणि लिनक्ससीएनसी हे करतात.

इमर्जन्सी स्टॉप कंट्रोलरच्या रिसेट पिनला जोडला की झालं ना?

तो अर्धाच झाला. कंट्रोलर लटकलेला असतानाच तुम्ही ते लाल बटण दाबणार, आणि लटकलेला कंट्रोलर पिन वाचत नाही. बटणाने मोटरींच्या आणि स्पिंडलच्या सप्लायचा कॉन्टॅक्टर (वीज तोडणारा मोठा रिले) सुटला पाहिजे. कंट्रोलरला त्याची खबर द्या ती वेगळी. एक लक्षात ठेवा: बॉलस्क्रूवरचा झेड वीज गेली की स्पिंडलच्या वजनाने खाली घसरू शकतो. बटण दाबून कटरखाली बोट घालू नका.

क्लोज्ड लूप स्टेपरचा पैसा वसूल होतो का?

त्यांच्या मागे एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा) असतो आणि ड्रायव्हर पाऊल चुकलं तर सावरतो. नाहीच जमलं तर अलार्म देतो. हा अलार्म कंट्रोलरला जोडला तरच अर्थ आहे. मोटर थांबलेली आणि बाकीचे अक्ष चालूच, असा गोंधळ मी पाहिला आहे. अलार्मची वायर तशीच गुंडाळून टाय मारून ठेवलेली होती. मोटर लहान निवडली म्हणून क्लोज्ड लूप घेणं मात्र चुकीचं. एन्कोडर जोर देत नाही.

मोटरच्या चार वायरींत जोड्या कशा ओळखू? रंग जुळत नाहीत.

रंगांवर जाऊ नका. कुठल्याही दोन वायरी एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. जड झाला तर ती एक कॉइल. दिशा उलटी आली तर एका कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करा. आठ वायरींची मोटर असेल तर पॅरलल जोडणी घ्या. सीरिजपेक्षा इंडक्टन्स चौथाईवर येतो आणि वेग मिळतो, फक्त ड्रायव्हरला करंट जास्त द्यावा लागतो. आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, लावू नका. ड्रायव्हर मरण्याचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण आहे.

थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू केलं की शून्य किंचित हललेलं असतं.

जीआरबीएलमध्ये $१ ही सेटिंग बघा. मूळ किंमत २५, म्हणजे थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटरी मोकळ्या सोडल्या जातात. मोकळी झालेली मोटर जवळच्या पूर्ण स्टेपवर जाऊन बसते आणि मधले मायक्रोस्टेप हरवतात. $१=२५५ केलं की मोटरी धरलेल्या राहतात. मग त्या गरम राहतात, ५०–६० अंशांपर्यंत गेल्या तरी घाबरायचं कारण नाही. ड्रायव्हरवरची निम्म्या करंटची सोय तेवढी चालू ठेवा.

सगळं जोडून झालं. पहिली चाचणी कशी घ्यायची?

मोटरी स्क्रूपासून सोडवून, टेबलावर. प्रत्येक शाफ्टवर कागदी टेपचा झेंडा लावा आणि दहा फेऱ्यांचा हुकूम द्या. झेंडा जिथून निघाला तिथेच थांबला पाहिजे. मग मशीनवर बसवा, वेग आणि अ‍ॅक्सिलरेशन निम्मे ठेवा, डायल इंडिकेटर लावा आणि १० मिलिमीटर पुढे-मागे असं २०० वेळा चालवणारा छोटा जी-कोड लिहा. २०० फेऱ्या कंटाळवाण्या वाटतात, पण वरची १ मिलिमीटरची भानगड २० फेऱ्यांत जेमतेम ०.१२ मिलिमीटर दिसते, आणि तेवढ्याकडे माणूस बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधला सैलपणा) म्हणून दुर्लक्ष करतो. सुई शून्यावर परत आली की वेग थोडा वाढवा आणि पुन्हा. ज्या वेगाला पावलं सुटतात त्याच्या दोन तृतीयांशवर रोजचा वेग ठेवा.